संत्र्याचा रस आणि साखरेचा आकडा
तिगावच्या आसमंतात, किंबहुना 2023 साली छिंदवाड्यापासून विलग होऊन स्वतंत्र जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसरच्या साऱ्या मुलखात, आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की ज्याची बोटे त्या रसाने माखत नाहीत असा माणूस विरळा. आणि म्हणूनच ग्लुकोमीटरवर अवचित चढलेला आकडा पाहून सकाळच्या न्याहारीवर गदा आणण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हातांची शहानिशा करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

यंत्राने दाखविली तीच रक्तातील साखर, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. जपानी संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना संत्रे, द्राक्षे, किवी अशी फळे सोलावयास लावून, हात न धुता त्यांचे बोट टोचले, तेव्हा साखर भलतीच वाढलेली दिसली. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ती भ्रांती फिटली नाही, मात्र पाण्याने हात धुताच आकडा पूर्ववत आला. कारण उघड आहे: साखरेची पातळी 100 असताना एका मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असते अवघे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढ्या सूक्ष्म हिशेबात बोटावरचा अदृश्य रस केवढी अफरातफर करीत असेल! शिवाय खरी साखर 200 असताना यंत्राने 170 किंवा 230 दाखविले, तरी 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते यंत्र सदोष ठरत नाही.

रात्री गोड खाल्ले नाही, मग उपाशीपोटी साखर वाढली कशी, हा दुसरा सवाल. पहाटे कॉर्टिसॉल आणि वृद्धी-संप्रेरक यांच्या प्रभावाने यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडते, आणि मधुमेहात त्यास आवर घालणारे इन्सुलिन अपुरे पडते. तेव्हा त्याचा दोष रात्रीच्या जेवणावर दरवेळी ठेवणे अन्यायाचे आहे.

न्याहारीविषयी तर फर्मानेच फार: पोहे वर्ज्य, ज्वारीची भाकरी हवी तितकी खावी! वस्तुतः भाकरीतही पिष्ट आहेच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2015 साली 800 माणसांच्या अभ्यासात दाखविले की, एकाच अन्नाने निरनिराळ्या माणसांची साखर निरनिराळ्या प्रमाणात वाढते. म्हणून न्याहारीपूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजून आपला आहार आपणच पारखावा. दिवसभर बागेत राबणाऱ्याची न्याहारी दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यास मानवेलच असे नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून न्याहारी टाळू नये, कारण त्यात साखर एकाएकी खालावण्याचा धोका आहे.

आणि बोटावरचा रस ही खालावलेली साखरही झाकू शकतो, ही बाब मला अधिक गंभीर वाटते. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे असतील, किंवा आकडा 70 च्या खाली असेल, तर रुग्ण शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

एरवी आकडा अनपेक्षित चढलेला दिसला, तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून फेरतपासणी करा. तरीही तो चढाच राहिला, तर वेळ, अन्न व औषध यांची नोंद डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत उलट्या, धाप वा गुंगी असेल तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा.