महामार्गावरील विद्युत् मोटारगाडी : वेग आणि ऊर्जाव्यय

पेट्रोलची मोटारगाडी शहरातील गर्दीत अधिक इंधन खाते व मोकळ्या रस्त्यावर काटकसरीने चालते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. विजेच्या गाडीत हा क्रम उलटतो. शहरात तिची बॅटरी पुष्कळ पुरते आणि महामार्गावर वेग घेताच भराभर उतरू लागते. याचा दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचे कारण निराळे आहे.

समतल रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीस मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. पैकी चाकांचे लोटणघर्षण गाडीच्या वजनावर अवलंबून असते व वेगानुसार फारसे बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणादाखल १,८०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी घेऊ. लोटणघर्षणाचा गुणांक ०.०१ आणि वायुरोधाचा गुणांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.६५ चौरस मीटर मानल्यास, घर्षणाचा विरोध सर्व वेगांना सुमारे १७६ न्यूटन येतो. हवेचा रोध ताशी ६० किलोमीटर वेगास १०८, १०० किलोमीटरला ३०१ आणि १२० किलोमीटरला ४३३ न्यूटन होतो. ताशी ७६ किलोमीटरच्या आसपास दोन्ही समान होतात. त्यापुढे गाडीचा खरा प्रतिस्पर्धी रस्ता नसून हवा होय.

बॅटरीपासून चाकांपर्यंतची कार्यक्षमता ८५ टक्के आणि वातानुकूलन इत्यादींसाठी एक किलोवॅट शक्ती धरली, तर या तीन वेगांना दर किलोमीटरमागे अनुक्रमे ११०, १६६ व २०७ वॅट-तास खर्च होतात. म्हणजे ४० युनिटांची बॅटरी सुमारे ३६०, २४० आणि १९० किलोमीटर पुरेल. ताशी १०० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास शंभर किलोमीटरमागे दहा मिनिटे वाचतात व चार युनिटे अधिक जातात. तासाला ३० युनिटे या दराने ती पुन्हा भरण्यास आठ मिनिटे लागतील! भारतात ज्या सुधारित चाचणीचक्रावरून गाड्यांचा पल्ला जाहीर होत आला आहे, त्यात वेग ताशी ९० किलोमीटरपलीकडे जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मग पेट्रोलच्या गाडीस हवा अडवीत नाही काय? तितकीच अडविते. परंतु हलक्या भाराखाली पेट्रोल एंजिनाची कार्यक्षमता २० टक्क्यांच्याही खाली जाते. गर्दीत उभ्या गाडीत तर ती शून्यच असते. महामार्गावर भार वाढला की तेच एंजिन इंधनाचा अधिक चांगला उपयोग करू लागते आणि वाढत्या वायुरोधाची बरीच भरपाई होऊन जाते. विद्युत् चलित्र हलक्या भारावरही पुष्कळच कार्यक्षम असल्याने त्याला सुधारण्यास वाव उरत नाही, आणि हवेचा हिशेब उघडा पडतो. महामार्गावर ते वाईट चालते असे नव्हे. एंजिन शहरात फार वाईट चालते. शिवाय शहरात वेग कमी करताना चलित्र जनित्राचे काम करून गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत आणते. सपाट महामार्गावर ब्रेक क्वचितच लागत असल्याने ही मिळकत नगण्य ठरते.

घाटात स्थिती बदलते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण साडेपाचशे मीटरची आहे. वरील गाडी तेवढी उंच नेण्यास २.७ युनिटे लागतात. बॅटरीतून सुमारे ३.२ काढावी लागतात. परतीच्या वाटेवर उतार १३ किलोमीटरचा व वेग ताशी ६० चा धरल्यास एक युनिट घर्षण व हवा यांत खर्ची पडते. परंतु तो व्यय सपाटीवरही झालाच असता, म्हणून त्यास तोटा म्हणता येत नाही. उरलेल्या १.७ युनिटांपैकी सुमारे १.४ बॅटरीत परत येतात. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यास ती काठोकाठ भरून घाट उतरू लागणाऱ्या गाडीची ही मिळकत ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते.