गोटा टायरची गोष्ट

टायर गुळगुळीत गोटा झाला की बदलायचा, एवढेच माझे मोटारशास्त्र. त्यामुळे कॅलिफोर्नियात पुतण्याने "काका, हा पाहा कोरा टायर!" म्हणून दाखवला आणि त्यावर एकही खाच दिसेना, तेव्हा याला कोणीतरी फसवले अशी माझी खात्रीच झाली.

पुतण्याला हौस ड्रॅग रेसिंगची. दोन मोटारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल, म्हणजे 1320 फूट, सरळ धावायचे, संपली शर्यत! भर रस्त्यात पैजा लावणारी पोरे मैदानावर यावीत म्हणून वॉली पार्क्स यांनी 1951 साली या खेळाची राष्ट्रीय संघटना काढली.

टायरवरच्या खाचा असतात त्या पावसाचे पाणी बाहेर काढायला. कोरड्या पट्ट्यावर त्यांचे काम नाही. उलट जितके रबर जमिनीला भिडेल तितकी पकड अधिक. म्हणून हे खाचा नसलेले 'स्लिक'. रबर मऊ, हवा अवघी 12 ते 15 पौंड. मोटार सुटताना टायरच्या अंगाला निऱ्यांसारख्या चुण्या पडतात! पण चाक घसरले नाही की सारा हिसका ॲक्सलवर येतो, आणि साध्या मोटारीचा ॲक्सल त्यापायी मोडतोही. शिवाय स्लिक लावून रस्त्यावर जायला परवानगी नाही.

मधला मार्ग 'ड्रॅग रेडियल'चा. रबर मऊ, खाचा नावापुरत्या, रस्त्यावर चालतो. सूनबाईने एवढेच विचारले, "याच गाडीतून घरी यायचं आहे ना?" झाला निर्णय.

बेकर्सफील्डजवळच्या फामोसोच्या पट्ट्यावर आम्ही सहकुटुंब गेलो. पुतण्याने मागच्या चाकांची हवा 35 वरून 20 पौंडांवर आणली, चाके जागच्या जागी गरगरा फिरवून रबर तापवले. धूर असा, की होळीच पेटली म्हणावे! जुन्या टायरांवर 13.8 सेकंद लागत, ते 13.3 झाले. अर्ध्या सेकंदासाठी हा बाप्या लहान मुलासारखा नाचला.

परतताना घाटात पावसाने गाठले. हवा पुन्हा 35 पर्यंत भरली होती. पण त्या नावापुरत्या खाचांना पाणी काही आवरेना. एका वळणावर मोटारीची मागची बाजू हलकेच बाहेर सरकली. सूनबाईच्या शेजारी नात झोपलेली. पुतण्याने वेग उतरवला आणि एका मालट्रकच्या मागे मुकाट्याने गाडी चालवीत राहिला. घर येईपर्यंत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा जॅक आणला. शर्यतीची चाके डिकीत न्यायची, मैदानावर चढवायची, उतरवूनच परतायचे.

"म्हणजे," सूनबाई म्हणाली, "माझ्या सामानाला आता डिकीत जागा नाही."