सर्दीचा विषाणू डोळ्यात कुठवर जातो?

डोळ्यात औषधाचे थेंब घातले की थोड्या वेळाने घशात कडवट चव उतरते. वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला, नाकाच्या बाजूला, एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू तिथून अश्रुपिशवीत आणि पुढे नळीवाटे नाकात उतरतात. सर्दीत नाकाचं अस्तर सुजतं, या नळीचं तोंड दबतं आणि डोळे गळू लागतात. एवढ्यावरून विषाणू डोळ्यात शिरला असं समजू नये. निचरा तुंबलेला असतो, इतकंच.

खरा संसर्ग होतो तेव्हा तो बहुधा कंजंक्टिव्हात, म्हणजे पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या पातळ आवरणात होतो. यात ॲडेनोव्हायरस सगळ्यांत पुढे. त्याचे काही प्रकार ताप, घसादुखी आणि लाल डोळे असं तिन्ही एकदम आणतात, मुलांमध्ये जास्त. कानाच्या पुढची गाठ सुजून दुखते. या विषाणूला स्निग्ध वेष्टन नसल्याने तो कोरड्या टॉवेलवर, दाराच्या कडीवर कित्येक दिवस तग धरतो आणि सॅनिटायझरलाही सहजी दाद देत नाही. साबणाने हात चोळून धुणंच बरं.

प्रकार 8 किंवा 37 असेल, तर प्रकरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, कॉर्नियापर्यंत जातं. आधी त्याचा वरचा थर ठिकठिकाणी खरवडल्यासारखा होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. मग लाली ओसरू लागते, रुग्णाला वाटतं सुटलो, आणि नेमक्या त्याच सुमारास, दुसऱ्या आठवड्यानंतर, वरच्या थराखाली बारीक पांढुरके ठिपके उमटतात. ते विषाणूच्या उरलेल्या अंशांवर धावून आलेल्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. त्यांच्यामुळे दिव्याभोवती वलयं दिसतात, अक्षरं धूसर होतात. बहुतेकांचे ठिपके काही महिन्यांत विरतात, काहींचे वर्षानुवर्षं राहतात.

स्टेरॉइडच्या थेंबांनी ते झटक्यात जातात, पण थेंब बंद केले की बऱ्याचदा परततात. संसर्गाच्या सुरुवातीलाच हे थेंब घातले तर विषाणू डोळ्यात जास्त दिवस टिकतो. लाली नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूची असेल तर कॉर्नियावरची जखम चिघळते. दुकानातून चिठ्ठीविना ‘लाल डोळ्यांचं औषध’ आणणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

नेहमीचा फ्लू डोळ्यांना फारसा छळत नाही, पक्ष्यांचा फ्लू छळतो. कंजंक्टिव्हाच्या पेशींवर पक्ष्यांच्या विषाणूला धरता येतील असे शर्करारेणू असतात. नेदरलँड्समध्ये 2003 साली एच7एन7ची लागण 89 जणांना झाल्याचं आढळलं. त्यांतल्या बहुतेकांना फक्त डोळे आले होते. एक पशुवैद्यक मात्र न्यूमोनियाने दगावला. कोविडमध्येही थोड्यांचे डोळे आले, आणि काहींच्या रेटिनातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर परिणाम दिसला. 2021मध्ये महाराष्ट्रात अनेकांचे डोळे काढावे लागले ते म्युकरमायकोसिसमुळे. ती बुरशी; वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांच्या आधाराने नाकालगतच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरलेली.

सगळ्यांत क्रूर मात्र गोवर. तोही श्वासावाटेच पसरतो. डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही आणि शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं. कुपोषित मुलाचा कॉर्निया कोरडा पडून अक्षरशः विरघळतो, दृष्टी कायमची जाते. म्हणून गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस लागोपाठ दोन दिवस देतात. लस नवव्या महिन्यात आणि पुढे दीड वर्षाच्या आसपास, अशी दोनदा असते.

साधी लाली, पाणी, चिपडं ही लक्षणं दोन-तीन आठवड्यांत आपसूक कमी होतात. विषाणूवर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग नाही. थंड पाण्याची पट्टी ठेवा, टॉवेल वेगळा वापरा. पण डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवा.