डोळ्यातलं इंजेक्शन आणि खोलीतली हवा

बीड–परळी रस्त्यावरच्या वडवणीत शुगरमुळे कुणाच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली, की बहुधा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तीही एकदा नव्हे. पडद्याच्या सुजेवरचं इंजेक्शन अनेकांना दर महिन्याला, असं कितीतरी वेळा घ्यावं लागतं.

औषध असतं जेमतेम 0.05 मिलिलिटर. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर बारीक सुई जाते आणि काही सेकंदांत काम उरकतं. एवढ्यासाठी ऑपरेशन थिएटर कशाला, असं नातेवाइकांना वाटतं. अमेरिकेत तर बहुतेक डॉक्टर हे इंजेक्शन साध्या तपासणी खोलीत देतात. आपल्याकडे मात्र थिएटरचा प्रघात आहे, कारण डोळ्याच्या आतल्या जेलीत जंतू शिरला तर त्याला अडवणारं तिथे फारसं काही नसतं.

थिएटरच्या हवेचा हिशेबही ठरलेला आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या निकषांत डोळ्यांचं थिएटर सर्वसाधारण गटात मोडतं. तिथली हवा तासाला किमान 20 वेळा बदलावी, त्यात चार वेळा तरी बाहेरची ताजी हवा यावी. आतला दाब किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडलं तरी व्हरांड्यातली धूळ आत येत नाही. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. आणि ज्याचं कौतुक सगळीकडे होतं तो स्प्लिट एसी या निकषांना चालत नाही! तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो, शिवाय त्याच्या ओलसर कप्प्यांत जंतू वाढतात.

हवा तपासायची एक जुनी, स्वस्त रीत आहे. जंतूंचं खाद्य घातलेली बशी जमिनीपासून आणि भिंतीपासून एकेक मीटरवर तासभर उघडी ठेवतात, नंतर तिच्यावर उगवलेले ठिपके मोजतात.

पण फिल्टरवर सगळी भिस्त ठेवणं भाबडेपणाचं आहे. 2011 साली अमेरिकेतल्या एका आढाव्यात एक लाखाहून अधिक इंजेक्शनांमागे 52 संसर्ग आढळले, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. त्यांत तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचं प्रमाण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गापेक्षा बरंच जास्त होतं. सुईवर पडणारा श्वास छतावरचा फिल्टर कसा अडवणार? म्हणून डॉक्टरांनी मास्क लावायचा, सुई हातात असताना बोलायचं नाही, रुग्णानेही गप्प राहायचं. त्याआधी डोळ्यात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब. ते झोंबतात, पण तेच सर्वांत भरवशाचे.

धोका पाण्यातूनही येतो. जानेवारी 2019 मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सात जणांना संसर्ग झाला; काहींची त्या डोळ्याची दृष्टी गेली. जंतू निघाला स्यूडोमोनास, ओलाव्यात तग धरणारा.

इंजेक्शननंतरच्या आठवड्यात डोळा ठणकू लागला, लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वडवणीहून निघायचं तर पहिल्याच एसटीने.