खारबावच्या रस्त्याला कोणती थार?

चिंचोटीहून निघालेला रस्ता कामण, खारबाव, अंजूरफाटा करत माणकोलीला पोहोचतो. एका टोकाला अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या टोकाला नाशिक महामार्ग आणि मधल्या पट्ट्यात भिवंडीची गोदामं. त्यामुळे चाळीस फुटी कंटेनर, टेम्पो, विटा-रेतीचे डंपर, रिक्षा आणि दुचाकी यांना हा एकच रस्ता वाटून घ्यावा लागतो. पावसाळ्यात त्यावर जे खड्डे पडतात, ते इथल्या माणसाला सांगायला नकोत. दिवा-वसई मार्गावर खारबावला स्टेशन आहे, पण या मार्गावर मुंबईसारखी लोकल नाही. मोजक्या गाड्या, आणि त्यांच्या वेळा जुळल्या तर जुळल्या. ठाण्याला, माणकोलीला किंवा वसईला रोज कामावर जाणाऱ्याला शेवटी रस्त्यावरच यावं लागतं.

अशा गावात तरुण मुलाच्या हातात चार पैसे आले, गोदामाचं भाडं सुरू झालं किंवा जमिनीचा मोबदला मिळाला, की घरात पहिलं नाव निघतं महिंद्रच्या थार गाडीचं. २०२३ साली पुण्यात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणाऱ्या शिवराज राक्षेला बक्षीस म्हणून थार मिळाली, तेव्हा गावोगावच्या पोरांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. ही गाडी आता प्रतिष्ठेची खूण झाली आहे आणि त्यात गैर काही नाही. गाडी घ्यायची हे ठरलेलंच असतं. अडतं ते पुढे. शोरूममध्ये गेल्यावर समोर कागद येतो आणि प्रश्न येतो, बेस की टॉप? फोर बाय फोर की साधी? सेल्समन म्हणतो, "शेठ, टॉपच घ्या." मित्र म्हणतात, फोर बाय फोर नसेल तर ती थार कसली? रोज ज्या रस्त्यावर गाडी चालणार, त्या रस्त्याला कुणी विचारत नाही.

आधी या यंत्राची कुळी पाहू. महिंद्रची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ची. तेव्हा नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये ती महिंद्र अँड महिंद्र झाली. १९४७ पासून कंपनीने विलीज जीप भारतात आणायला सुरुवात केली. पुढे हीच जीप पोलिसांकडे, वनखात्याकडे, तहसीलदारांकडे आणि खेड्यापाड्यांतल्या प्रवासी वाहतुकीत दिसू लागली. एमएम ५४० या मॉडेलचं नाव अजूनही जुन्या गॅरेजांतून आदराने घेतलं जातं. २०१० मध्ये थार आली ती याच जातकुळीची: कापडी छत, मागे समोरासमोर बाकं, आत पत्रा. आज जिला 'खोटी थार' म्हणून नाक मुरडलं जातं ती टू व्हील ड्राइव्ह त्या पहिल्या थारमध्येही होती. स्वस्तातल्या डीआय इंजिनाला टू व्हील आणि फोर व्हील असे दोन्ही पर्याय मिळत.

दुसऱ्या पिढीची थार बाजारात आली २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे कंपनीच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी. बनते नाशिकला. या गाडीने जीपच्या सांगाड्यावर घरगुती मोटारीच्या सोयी चढवल्या आणि इथूनच व्हेरियंटचा घोळ सुरू झाला. दोन घराणी झाली. एएक्स म्हणजे रानात नेणाऱ्याची गाडी: आत धुता येईल अशी जमीन, रेक्झिनच्या सीटा, लोखंडी चाकं. एलएक्स म्हणजे शहरातल्याची: मॅगव्हील, टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल, ऑटोमॅटिक गिअर. सुरुवातीला एएक्समध्ये बाजूला तोंड करून बसायची सहा सीटांची गाडीही होती. ती काही महिन्यांतच बंद झाली. अपघातात आडव्या बाकावरच्या माणसाला काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ती बंद झाल्याचं दुःख होणार नाही. समोर तोंड असलेल्या सीटांच्या थारला नोव्हेंबर २०२०च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत चार तारे मिळाले.

आता मुद्द्याची गोष्ट, चाकं. एएक्सला मिळालेला टायर होता २४५/७५ आर १६, एलएक्सचा २५५/६५ आर १८. या आकड्यांतला मधला भाग म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर एएक्सच्या टायरची भिंत १८४ मिलिमीटर येते आणि एलएक्सची १६६. खड्ड्याचा पहिला दणका शॉकअपकडे जात नाही, तो या रबराच्या भिंतीकडे जातो. म्हणजे खारबाव-अंजूरफाटा रस्त्यासाठी जास्त रबर आहे ते स्वस्त गाडीत! महागड्या मॉडेलच्या बाजूने एवढंच, की मोठ्या चाकामुळे ती जमिनीपासून सुमारे सात मिलिमीटर जास्त उचलली जाते. रोजच्या वापरात तो फरक जाणवत नाही.

या रस्त्याच्या कडेला कुठल्याही पंक्चरवाल्याकडे पावसाळ्यात अर्धा तास उभं राहिलं की उरलेला हिशेब समजतो. लोखंडी रिम खड्ड्यात आपटली की तिची कड आत वळते. पंक्चरवाला तिला जमिनीवर आडवी टाकतो, लाकडाचा ठोकळा लावून घणाचे चार घाव घालतो, फिरवून बघतो, पुन्हा एक घाव, टायर चढवून हवा भरतो आणि साबणाचं पाणी कडेला ओतून बुडबुडे येतात का ते पाहतो. गाडी निघून जाते. मॅगव्हील मात्र वळण्याऐवजी तडकते. तडा केसाएवढा असतो, डोळ्यांना दिसत नाही, रोज सकाळी हवा कमी दिसते तेव्हा कळतं. मग वेल्डिंगवाला शोधा किंवा नवी रिम घ्या. वेल्डिंग केलेल्या मॅगव्हीलवर महामार्गाचा वेग घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्याला एलएक्सच्या (आताच्या एलएक्सटीच्या) बाकीच्या सोयी हव्यात त्याने ती जरूर घ्यावी, पण टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी, जास्त नाही, आणि दर पावसाळ्यानंतर चारही रिम उतरवून आतून पाहाव्यात.

फोर बाय फोरचं पाहू. थारमधली व्यवस्था पार्ट-टाइम आहे. लिव्हरवर टू एच (मागची दोन चाकं), फोर एच (चारही चाकं), न्यूट्रल आणि फोर एल (चारही चाकं, कमी वेगात). वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा घेर कापावा लागतो. दोन्ही आसांमध्ये हा फरक सामावून घेणारं डिफरन्शिअल इथे नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर एच टाकून वळलात तर स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि ताण शाफ्टवर, गिअरांवर येतो. चिखल, वाळू, ओला मुरूम इथे चाक थोडं घसरून तो ताण सोडतं, डांबरावर ती सोय नाही. थोडक्यात, ठाण्याला जाताना-येताना फोर बाय फोर थारसुद्धा मागच्याच दोन चाकांवर चालणार आहे. ट्रान्सफर केस, पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शिअल हे सगळं लोखंड तुम्ही रोज कामावर घेऊन जाता आणि परत आणता. खड्ड्यातून निघायला त्याची गरज नाही.

गरज कुणाला आहे तेही स्पष्ट सांगतो. ज्याची शेती खाडीकडच्या खाजणात आहे, ज्याला बांधावरून, भाताच्या खाचरांच्या कडेने जून-जुलैत गाडी न्यावी लागते, ज्याचं शेतघर डोंगराच्या उतारावर आहे, त्याने दुसरा विचार करू नये. आपल्याकडची चिकण माती टायरच्या नक्षीत भरली की मागची दोन चाकं जागच्या जागी फिरतात, आणि तिथे फोर एल टाकून गिअर न बदलता सावकाश निघणारी गाडी पाहिली की जीपची थोरवी समजते. अशा माणसाने फोर बाय फोर घ्यावी आणि महिन्यातून एकदा तरी मऊ जमिनीवर लिव्हर टाकून थोडं अंतर चालवावी. न वापरलेलं यंत्र जाम होतं.

९ जानेवारी २०२३ रोजी महिंद्रने मागच्या चाकांवरची थार पुन्हा आणली, ९ लाख ९९ हजारांत, १.५ लिटरचं डिझेल इंजिन घालून. तिच्यामागचं खरं कारण करात आहे. चार मीटरपेक्षा लहान आणि दीड लिटरपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर मोटार 'लहान' धरली जाते. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे पंधरा मिलिमीटरने ती आत बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हा या डिझेल टू व्हील थारवरचा एकूण कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला आणि किंमत जास्तीत जास्त १ लाख ३५ हजारांनी उतरली. फोर बाय फोर डिझेलचा ४८ वरून ४० वर आला, उतार सुमारे १ लाख. २.२ लिटरचं डिझेल असो की २ लिटरचं पेट्रोल, दोन्ही ४० टक्क्यांतच. गंमत अशी की लहान डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे, मोठ्या डिझेलइतकाच. खालच्या गिअरमध्ये गर्दीतून गाडी ओढायला जे बळ लागतं, ते यात कमी नाही.

पण इथे एक अडचण येते आणि ती खारबावच्या माणसासाठी मोठी आहे. हे लहान डिझेल फक्त हाताच्या गिअरमध्ये मिळतं. मागच्या चाकांवर ऑटोमॅटिक हवी तर पेट्रोल घ्यावं लागतं, म्हणजे कर ४० टक्के आणि ॲव्हरेज कमी. अंजूरफाटा ते कशेळी या पट्ट्यात मेट्रो पाचचं काम, कंटेनर आणि गोदामांतून निघणारे टेम्पो यांच्या मधोमध रोज क्लच दाबणं काय असतं, हे पन्नाशीच्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला विचारावं. वयाच्या पंचविशीत कोणी याचा विचार करत नाही. गाडी मात्र दहा-बारा वर्षं ठेवायची असते.

डिझेलची दुसरी बाजू शोरूममध्ये फारशी कुणी सांगत नाही. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीला धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. ज्याचा रोजचा प्रवास खारबाव ते अंजूरफाटा, तोही रांगत, त्याच्या गाडीत ती काजळी जळतच नाही. दिवा लागतो, मग वर्कशॉप. असा माणूस असेल तर त्याने पेट्रोल घ्यावं, किंवा डिझेल घेऊन आठवड्यातून एकदा नाशिक महामार्गावर शहापूरपर्यंत सलग दौड मारावी. रोज ठाणे-मुलुंड करणाऱ्याला हा त्रास कमी. आरटीओचा हिशेबही लक्षात ठेवा: महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तो थेट २० टक्के. गोदामाच्या फर्मवर गाडी घेणाऱ्यांनी आधी आपल्या सीएला विचारावं.

घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं या सगळ्या चर्चेत कुठे नसतात, याची मला फार खंत वाटते. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून, पायदानावर चढून, वाकून आत शिरायचं. नऊवारी नेसलेल्या आजीला किंवा बाळंतिणीला ते कसं जमणार? मागची काच उघडत नाही आणि २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत मागे एसीची हवाही नव्हती. त्या महिन्यात आलेल्या नव्या आवृत्तीत, एएक्सटी आणि एलएक्सटी या नावांनी, मागे एसीचे झरोके, मागच्या काचेला वायपर, आत चढायला पुढच्या खांबावर मूठ आणि दारावर काचांची बटणं आली. या सोयी पहिल्या दिवसापासून असायला हव्या होत्या. तरीही दारं तीनच.

कुटुंबासाठी एकच गाडी असेल तर पाच दारांची थार रॉक्स पाहावी, जी १५ ऑगस्ट २०२४ला आली. लांबी ४४२८ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २८५० (तीन दारांच्या थारचं २४५०), त्यामुळे खड्ड्यात मागच्या माणसाची उसळी कमी. भारत एनकॅपमध्ये तिला पाच तारे आहेत. तिच्यात एमएक्स १ पासून एएक्स ७ एलपर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि फोर बाय फोर फक्त डिझेलला, तेही एमएक्स ५ पासून वर. माझ्या मते रॉक्सच्या वरच्या पायऱ्यांवरचं काचेचं छप्पर भिवंडीच्या एप्रिल-मेच्या उन्हात सोय कमी आणि ताप जास्त आहे. मारुतीच्या जिम्नीत फोर बाय फोर की साधी हा प्रश्नच नाही, दोन्ही व्हेरियंट फोर बाय फोर आहेत, फरक सोयींचा. पण रुंदीला ती लहान पडते.

बेस मॉडेल घ्यायचं आणि बाहेरून सजवायचं ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात पैसे वाया जातात आणि जीवही धोक्यात येतो. बाहेर निघालेले रुंद टायर बेअरिंग खातात, स्टिअरिंग जड करतात. बुलबारला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली, कारण त्याने समोरच्या पादचाऱ्याचा जीव जातो आणि धक्क्याचा अंदाज चुकून एअरबॅग वेळेवर उघडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत दाखवलेल्या गाडीच्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सजावटीचे पैसे चांगल्या टायरांवर आणि खालून गंजरोधक लेप देण्यावर घालावेत. खाडीकाठच्या गावात भरतीचं खारं पाणी रस्त्यावर येतं, आणि थारची ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता पत्र्याला गंजापासून वाचवत नाही. खाऱ्या पाण्यातून आलात तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि पाण्याखाली उघडं गटार असेल तर ६५० हा आकडा कामाचा नाही.

माझा निवाडा असा. एकटा-दुकटा तरुण, ठाण्या-मुलुंडला रोज जाणारा, शेताला पक्का रस्ता असलेला: त्याने मागच्या चाकांवरची १.५ डिझेल घ्यावी, खालचं मॉडेल, आणि वाचलेल्या पैशांत उंच भिंतीचे चांगले टायर. गुडघे कुरकुरत असतील किंवा रोजची धाव फक्त अंजूरफाट्यापर्यंत असेल तर पेट्रोल ऑटोमॅटिक. खाजणात, डोंगरात खरोखर काम असेल तर फोर बाय फोर डिझेल. घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असतील तर तीन दारांची थार घेऊच नये, रॉक्सची मधली पायरी बरी. बुकिंगचे पैसे भरण्याआधी मात्र टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवून परत देऊ नका. ती खारबावला आणा, घरातल्या सगळ्यांना बसवा, मागच्या सीटवर स्वतः बसा आणि अंजूरफाट्यापर्यंत जाऊन या.