पाठीवर पडणारी थाप

खो-खोचा चांगला प्रशिक्षक नव्या मुलीला आधी पळायला लावत नाही, बसायला शिकवतो. चौकोनात उकिडवं बसायचं, एक पाय किंचित पुढे, बोटं मातीला टेकलेली आणि नजर पळणारीवर. पाठीवर थाप पडून कानात 'खो' आला की उठायचं, पण त्याआधीच कुठल्या बाजूला झेपावायचं हे ठरलेलं हवं. एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही. पळणारीला मधली पाटी ओलांडून इकडून तिकडं जायची पूर्ण मोकळीक असते. पाठलाग करणारीला ती नसते. तिला बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो, नाहीतर बसलेल्या मैत्रिणीला खो द्यावा लागतो.

खेळाची सगळी गंमत आणि सगळी अडचण याच नियमात आहे. पाठलाग करणाऱ्या नऊ जणी नियमांनी जखडलेल्या, समोरच्या तिघी मोकळ्या. एकटी कितीही वेगवान असली तरी सरावलेल्या धावपटूला ती एकटीनं पकडू शकत नाही. एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेल्या आठही जणींना पळणारी पुढच्या क्षणी कुठं वळेल ते एकाच वेळी कळावं लागतं. हे कळणं जन्मजात नसतं. रोज संध्याकाळी कुणीतरी मैदानाच्या कडेला उभं राहून तेच ते पुन्हा करून घेतं, तेव्हा कुठं वर्षा-दोन वर्षांनी ते अंगात भिनतं.

धाराशिव जिल्ह्यात असं कडेला उभं राहणाऱ्यांची परंपरा आहे. २०२३ मध्ये नाव बदलेपर्यंत कागदोपत्री हा उस्मानाबाद जिल्हा होता, आणि खो-खोच्या जुन्या निकालपत्रांत तेच नाव सापडतं. तालुके आठ, पाऊस बेभरवशाचा, मोठे उद्योग तुरळक. देशातल्या मागास जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये जो आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या यादीत हा जिल्हा होता. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव किंवा टेनिसचं कोर्ट मागणं दूरच. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद सपाट जमीन लागते, सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचे दोन खांब आणि रेषा आखायला फक्की. चेंडू नाही, बॅट नाही, बूट असले तर उत्तम. एवढ्या भांडवलावर इथल्या मुलींनी देशाच्या संघापर्यंत मजल मारली.

त्यातलं सर्वांत मोठं नाव सारिका काळे. नात्यातल्या एका खेळाडूनं तिला लहान वयात मैदानावर आणलं. घरची कमाई तुटपुंजी, आई शिवणकाम करायची. जवळपास दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवून खेळलो, हे तिनं पुढे स्वतःच पत्रकारांना सांगितलं. हे वाक्य मी वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. पाठलागात पुन्हा पुन्हा उकिडव्या बैठकीतून उसळून उठायचं, संरक्षणात जीव तोडून पळायचं, खांबावर सूर मारायचा, आणि पोटात एक वेळचं जेवण.

२०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत ती भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि संघानं सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच वर्षी घरच्या ओढाताणीनं ती इतकी खचली होती की तिनं खेळ सोडायचं ठरवलं. आठवडाभर तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं, असं तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी नंतर सांगितलं. त्यांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोत हा पुरस्कार १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता. म्हणजे मधली बावीस वर्षं हा खेळ त्या यादीतून गायबच होता.

जाधव सरांनी पुढे राज्य संघटनेत आणि राष्ट्रीय महासंघात पदं सांभाळली, पण धाराशिवच्या या खेळाची ओळख आजही त्यांच्या मैदानावरच्या कामानं होते. पुरस्काराच्या बातमीत सारिकाचा फोटो असतो, आणि असायलाच हवा. मला मात्र त्या आठवड्याचं कुतूहल जास्त वाटतं. बंद दाराबाहेर उभं राहून बोलणं हे कुठल्याही प्रशिक्षण पदविकेच्या अभ्यासक्रमात नसतं. मुलींच्या संघाचा प्रशिक्षक अर्धा वेळ हेच काम करत असतो. वडिलांना सांगायचं की स्पर्धा चार दिवसांची आहे आणि सोबत बाई आहेत. आईला विचारायचं की पोरगी सकाळी काय खाऊन येते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं गेलंय. मुलगी दुसऱ्या पाळीत धापा का टाकते, याचं उत्तर अनेकदा तिच्या ताटात असतं. आणि दहावी-बारावीनंतर स्थळं येऊ लागली की अजून एक वर्ष खेळू द्या म्हणून घरी जाऊन बसायचं.

एवढं करून या माणसाला पोट भरण्याचा मार्ग कोणता? आपल्याकडे खो-खो प्रशिक्षक ही क्वचितच स्वतंत्र नोकरी असते. बहुतेक जण शाळेत किंवा कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतात आणि प्रशिक्षण सकाळ-संध्याकाळ पदरमोड करून चालवतात. बीपीएड झालेला माणूस शाळेत लागतो, कुणी राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतो, पण त्या पदविकेच्या जोरावर लागायला जागा किती निघतात? १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम लिहिले गेले. नियम शंभर वर्षांपूर्वी पक्के झाले, शिकवणाऱ्याचा पगार अजून झालेला नाही. राज्यातल्या मोठ्या प्रशिक्षकांपैकी गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना २००० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पण असे सन्मान कपाळावरचा टिळा असतात, महिन्याचा किराणा त्यातून येत नाही.

इथं मला अमेरिकेतला एक खेळ आठवतो. लॅक्रॉस, जाळीच्या काठीनं चेंडू झेलत-फेकत खेळायचा. रोझाबेल सिंक्लेअर या बाईंनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर या मुलींच्या शाळेत त्याचा संघ उभा केला. तिथून तो कॉलेजांत गेला आणि आज तिथं मुलींच्या लॅक्रॉसचं प्रशिक्षण हा शिडीसारखा व्यवसाय आहे. पदवी झाली की खेळाडू सहायक प्रशिक्षक होते, मग दुसऱ्या कॉलेजात बढती, मग मुख्य प्रशिक्षक. केली अमोंटे हिलर मेरीलँड विद्यापीठाकडून खेळली, मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तिनं जवळजवळ शून्यातून संघ बांधला आणि २००५ ते २०१२ या आठ वर्षांत सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तिच्या हाताखाली खेळलेल्या मुलींपैकी काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या.

त्या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याला जास्त उपयोगाची आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत कायद्यानं मुलींच्या खेळाला शिक्षणसंस्थांत समान हक्क दिला. तोवर कॉलेजातल्या मुलींच्या संघांच्या प्रशिक्षक नव्वद टक्क्यांहून अधिक बायकाच होत्या. हक्क आला, पैसा आला, पगार वाढले, आणि पुढच्या काही दशकांत बायकांचं हे प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. पगाराची खुर्ची झाली की तिच्यावर पुरुष येऊन बसले. लॅक्रॉसमध्ये मात्र बायकांनी ती बऱ्याच प्रमाणात राखली.

आपल्याकडे खो-खोत पैसा आत्ता कुठं येऊ लागलाय. २०२२ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, ती पुरुषांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादेत भरली, तुळजाभवानीच्या नावाच्या स्टेडियमवर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. कर्णधार प्रियंका इंगळे, तिचं मूळ शेजारच्याच बीड जिल्ह्यातलं. मुख्य प्रशिक्षक होते सुमित भाटिया. त्यांच्या कामाबद्दल शंकाच नाही, निकाल समोर आहे. पण सत्तरच्या दशकातच खो-खोपटू मुलींनी अर्जुन पुरस्कार मिळवले होते. १९७१ ला अचला देवरे, १९७४ ला निलिमा सरोलकर. एवढ्या मुली खेळून गेल्या, मग संघाच्या बाकावर मुख्य जागी त्यांच्यातली एखादी बसलेली दिसायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

का दिसत नाही, याचं उत्तर मैदानावर नाही, घरात आहे. पंचविशीत खेळ थांबतो तेव्हा मुलीसमोर दोन वाटा असतात. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न. संध्याकाळी पाच ते सात मैदान, ही वेळ सासरी स्वयंपाकाची असते. बिनपगारी प्रशिक्षण पुरुष निभावून नेतो, कारण त्याच्या घरी तोवर कुणीतरी चूल पेटवलेली असते. म्हणून मानधनाचा प्रश्न बायकांच्या बाबतीत दुप्पट जड आहे. पगार असेल तर ती संध्याकाळ 'बाईची ड्युटी' ठरते आणि घरचे तिला सोडायला येतात. पगार नसेल तर तीच संध्याकाळ हौस ठरते.

सारिका काळे तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीला लागली. या नोकरीनं घराला आधार दिला, आणि तालुक्यात खेळणाऱ्या मुलीला सरकारी खुर्चीवर आपल्यासारखीच कुणीतरी दिसली. पण क्रीडा अधिकाऱ्याचं काम वेगळं असतं: शालेय स्पर्धा भरवायच्या, प्रस्ताव तपासायचे, अनुदानाच्या फायली पुढे सरकवायच्या. रोज फक्की मारून पोरींना चौकोनात बसवणं हे दुसरं काम आहे, आणि त्यासाठी दुसरं माणूस लागतं. माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन देण्याची सोय खेलो इंडियाच्या केंद्रांत आहे. भूम, परंडा, वाशी, लोहारा अशा तालुक्यांत अशी केंद्रं माजी महिला खेळाडूंच्या हाती द्यायला हवीत. मैदान आहे, खांब रोवता येतात, आणि गुडघे भरून आलेल्या, खेळ सोडलेल्या पण खो कधी द्यायचा ते अजून झोपेतही सांगतील अशा मुली या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

संध्याकाळी सराव संपला की प्रशिक्षक शेवटच्या मुलीला न्यायला कुणी येईपर्यंत थांबतो. जिथं बाई शिकवते तिथं अंधार पडला तरी आया निवांत असतात. काही जणी तर लवकर येऊन मैदानाच्या कडेला बसतात आणि पोरीला पळताना बघत राहतात.