मोकळं गाणं – भाग ४ : धवल्याखाली काय लिहायचं?

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण सूर धरते, मागच्या बायका ओळ उचलतात आणि शूटिंगवाला ते सगळं टिपून घेतो. धवले म्हणजे ही लग्नगीतं, तोंडातोंडी चालत आलेली. जुन्या धवल्यांच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही. म्हणून त्यांचं रेकॉर्डिंगही आपोआप सगळ्यांचं, असं मानलं जातं. हा समज खरा नाही, आणि त्याने गाण्याचंच नुकसान होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंग झालं की त्यावर हक्क जन्माला येतो. त्यासाठी ना नोंदणी लागते, ना कसली खूण. प्रसिद्धीनंतर ६० वर्षं तो टिकतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा, पण खोपोलीच्या एखाद्या भजनी मंडळाने यंदा मोबाइलवर घेऊन टाकलेला तोच अभंग २०८० उलटलं तरी बंदच राहील. ज्याखाली काहीच लिहिलेलं नाही, ते गाणं मोकळं नसतं.

मग ते मोकळं करायचं कोणी? पैसे देऊन शूटिंग करवून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्रफितीचा पहिला मालक लग्नघर असतं, शूटिंगवाला नव्हे. चॅनलवाल्याने स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर गाणी नोंदवली, तर मालक तो. धवलारणीकडे मात्र दोन्ही वेळा गायिकेचा वेगळा हक्क असतो, सादरीकरणानंतर ५० वर्षांचा. तेव्हा मालकाची परवानगी आणि तिची संमती, दोन्ही हवीत, आणि तीही लेखी. ‘बिनधास्त वाटा’ एवढंच लिहून भागत नाही, कारण मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कायदा तो परवाना ५ वर्षांपुरता आणि भारतापुरताच धरतो. २००२ पासून उपलब्ध असलेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने (भारतात त्यांची औपचारिक सुरुवात जानेवारी २००७ मध्ये पवईच्या आयआयटीत झाली) नेमकी हीच फट बुजवतात. ते जगभर लागू आहेत आणि हक्क असेतोवर चालतात.

यावर कोणी म्हणेल, वरातीत गाणी वाजतातच, कोण विचारतं? बरोबर आहे. लग्नसमारंभात गाणं वाजवणं हा कायद्याने भंग ठरत नाही, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने तसा खुलासाही केला. पण ही सूट वाजवण्यापुरती आहे. तेच गाणं पेनड्राइव्हवर भरून विकणं, त्याचं रिमिक्स करणं, यूट्यूबवर चढवणं तिच्यात येत नाही.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे: मुंबईची एखादी कंपनी धवला उचलेल, पैसा करेल आणि गाणारी कोरडीच राहील. या भीतीने ‘व्यापारी वापर बंद’ ही अट घालावीशी वाटते. माझ्या मते ती घालू नये. तिच्यामुळे जाहिरातींतून चार पैसे मिळवणारं गावातलं चॅनलही अडतं, आणि विकिमीडिया कॉमन्स तर असं गाणं घेतच नाही. त्यापेक्षा श्रेय देण्याची आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली ठेवण्याची अट (म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय-एसए’ परवाना) बरी. कंपनीने रिमिक्स केलं तर धवलारणीचं नाव द्यावंच लागेल आणि ते रिमिक्सही गावाला मोकळेपणी वापरता येईल. धवलारणीची बिदागी यात कुठेच बुडत नाही. शिवाय परवाना एकट्या कोणाला दिलेला नसतो, त्यामुळे या अटी नको असलेल्या कंपनीशी पैसे घेऊन वेगळा करार करता येतोच.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे तोड नाही. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. ठाकर-कातकरी वाड्यांमधली देवाची, मर्तिकाची गाणी समाजाने चारचौघांत न्यायची नाहीत असं ठरवलं असेल, तर ती कोणत्याही मोकळ्या परवान्याखाली टाकू नयेत, गाणारीने एकटीने होकार दिला तरीही. लग्नातल्या धवल्याला ही अडचण नाही. त्याच्या व्हिडिओखाली गाणारीचं नाव, गाव, रेकॉर्डिंगची तारीख आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’ एवढं लिहावं, आणि तिच्या सहीचा संमतीचा कागद लग्नघरात जपून ठेवावा.